घरी स्कूटर आणि गाडी रंगवायची आहे, मुंबईत रंगाचं सामान कुठून आणि कसं घ्यावं?

मुलुंडकर

नमस्कार मंडळी.

घरात वडिलांची जुनी दोन-स्ट्रोक चेतक आहे. इंजिन ठणठणीत, पण पायदानाखाली गंज धरलाय आणि डिकीवरचा रंग पोपडे होऊन निघतोय. दुसरं काम वॅगनआरचं. गाडी सिल्व्हर आहे, पुढचा डावा मडगार्ड आणि बंपरचा कोपरा पार्किंगच्या खांबाला घासला गेलाय. दोन्ही कामं घरीच करायचा विचार आहे. घासाघाशीला वेळ द्यायची तयारी आहे, लहान कॉम्प्रेसर मित्राकडून मिळेल.

गाडं अडलंय ते खरेदीपाशी. दुकानदार विचारतो, "एनसी देऊ की पीयू?" आणि मग हार्डनर, स्लो थिनर, फास्ट थिनर, सरफेसर अशी नावं येतात. एका ठिकाणी तर नुसतं "सिल्व्हर ना?" म्हणून डबा पुढे केला, गाडीचा कोड विचारलाच नाही. मुंबईत हे सामान कुठे घ्यावं, काय काय लागेल, किती लागेल आणि कशात काटकसर करू नये? ज्यांनी स्वतः केलंय किंवा जे या धंद्यात आहेत त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कुर्ल्याचं_गॅरेज

आमचं डेंटिंग-पेंटिंगचंच काम आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

दुकानात जायच्या आधी घरी एक चाचणी करा. पांढऱ्या सुती चिंधीवर थोडं एनसी थिनर घ्या आणि स्कूटरवर सहज दिसणार नाही अशा जागी, सीटखाली वगैरे, अर्धा मिनिट दाबून घासा. चिंधीला रंग लागला तर वरचा थर एनसीचा, म्हणजे कधीतरी बाहेर मारून घेतलेला. काहीच लागलं नाही तर कंपनीत भट्टीत भाजलेला रंग किंवा हार्डनरचा पीयू आहे. एनसी निघाला तर त्यावर थेट नवा रंग मारू नका. खालचा थर नव्या थिनरने फुगतो आणि रंग सुरकुततो. असा थर पत्र्यापर्यंत काढून टाकलेला बरा. तुमच्या चेतकचे पोपडे निघतायत म्हणजे तो तसाही काढावाच लागणार.

आता एनसी आणि पीयू. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. त्यातलं थिनर उडालं की रंग वाळला, आत कुठली रासायनिक क्रिया होत नाही. म्हणून तो भरभर वाळतो, चूक झाली तर घासून परत मारता येतो, पण पेट्रोल सांडलं की मऊ पडतो. चेतकचं पेट्रोलचं झाकण सीटखाली, म्हणजे तिथे ओघळ येणारच. पीयू (पॉलियुरेथेन) किंवा टू-के म्हणजे रंग वेगळा आणि हार्डनर वेगळा. दोन्ही मिसळल्यावर क्रिया होऊन थर कडक होतो आणि तो पुन्हा थिनरमध्ये विरघळत नाही. मिसळलेला माल काही तासांत संपवावा लागतो.

मेटॅलिक सिल्व्हरला दोन थर लागतात. खाली बेसकोट, तो वाळल्यावर मॅट दिसतो, आणि वर चकाकी देणारा क्लिअर. स्कूटरचा रंग साधा असेल तर सिंगल स्टेज पीयूत काम होतं, वेगळा क्लिअर लागत नाही.

खरेदीत सगळ्यात महत्त्वाचं हे, की प्रायमर, रंग, क्लिअर, हार्डनर आणि थिनर एकाच कंपनीच्या एकाच सिस्टीममधलं घ्या. पीपीजी एशियन पेंट्स, नेरोलॅक, निप्पॉन, सिकन्स, कुठलीही चालेल, पण क्लिअर एकीचा आणि हार्डनर दुसरीचा असं नको. दुकानदार "सगळं सारखंच असतं" म्हणेल. सारखं नसतं. मिसळायचं प्रमाण प्रत्येक मालाचं वेगळं असतं. कुठे दोनास एक, कुठे चारास एक. ते डब्यावर छापलेलं असतं, तेच पाळायचं. भाव विचारतानाही नुसत्या क्लिअरचा विचारू नका, हार्डनर आणि थिनरसकट सेटचा विचारा. स्वस्त क्लिअरचा हार्डनर महाग लावलेला असतो, आणि तिथेच सगळा हिशेब फिरतो.

हार्डनरचा डबा सीलबंद आणि ताज्या तारखेचाच घ्या. तो हवेतली ओल शोषतो. उघडून ठेवलेला, गढूळ झालेला किंवा तळाशी जेलीसारखा जमलेला हार्डनर फुकट दिला तरी घेऊ नका. सुटं थिनर स्प्रे गन धुवायला ठीक आहे, शेवटच्या कोटाला नाही. पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून मिळणाऱ्या थिनरमध्ये काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही.

मुलुंडकर

खूप आभार. कोडबद्दल सांगाल का? आणि दुकानात सिल्व्हर जुळवून घेताना काय बघायचं?

कुर्ल्याचं_गॅरेज

कोड गाडीवरच असतो. कंपनीगणिक जागा बदलते. बॉनेटखालच्या पाटीवर बघा, नसेल तर चालकाच्या बाजूच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर. मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा कोड झेड२एस, सुपीरियर व्हाइटचा २६यू. होंडाचा टॅफेटा व्हाइट म्हणजे एनएच५७८. "वॅगनआरचा सिल्व्हर द्या" एवढ्यावर डबा घेतला तर मडगार्ड आणि दरवाजा यांत फरक दिसणारच, कारण एकाच मॉडेलला निरनिराळ्या वर्षी निरनिराळे सिल्व्हर आले आहेत.

कोड मिळाला तरी काम संपत नाही. एकाच कोडचे दोन-तीन व्हेरिएंट असतात, आणि तुमची गाडी इतकी वर्षं उन्हात उभी आहे. म्हणून पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण काढून सोबत न्या आणि ते पॉलिश करून न्या. मळक्या झाकणाशी जुळवलेला रंग गाडीशी जुळत नाही.

मिक्सिंग मशीनवाल्या दुकानात काट्यासमोर उभे राहून बघा. कोड टाकला की पडद्यावर टिंटरची, म्हणजे मिसळायच्या मूळ रंगांची, यादी येते आणि माणूस एकेक टिंटर काट्यावर ओततो. काळ्याचा किंवा निळ्याचा एक थेंब जास्त पडला तरी छटा सरकते. चांगला माणूस तिथेच थांबतो आणि बाकीचे टिंटर त्या प्रमाणात वाढवून घेतो. घाईतला माणूस "इतकं चालतं" म्हणून झाकण लावतो. मिसळून झाल्यावर एका कार्डावर गनने मारून, वर क्लिअर देऊन, पूर्ण वाळवून दाखवायला सांगा. ओला रंग आणि वाळलेला रंग एक दिसत नाही. कार्ड आणि झाकण घेऊन दुकानाबाहेर उजेडात या, ट्यूबलाइटखाली पाहू नका. आधी समोरून बघा, मग तिरकं करून. मेटॅलिकमधले ॲल्युमिनियमचे कण समोरून आणि कडेने वेगळे चमकतात. समोरून जुळून कडेने काळपट दिसणारा सिल्व्हर नाकारा.

डब्यावरचं फॉर्म्युल्याचं लेबल फाडू नका. पुन्हा कधी लागला तर त्याच आकड्यांनी बनवून घेता येतो.

प्रमाण: मडगार्ड आणि बंपरच्या कोपऱ्याला थिनर मिसळायच्या आधीचा पाव लिटर बेसकोट पुरतो. चेतकला अर्धा ते एक लिटर, आतून-बाहेरून मारणार असाल तर लिटरच धरा. मेटॅलिक मध्येच संपला की दुसऱ्या खेपेचा डबा तंतोतंत जुळत नाही, तेव्हा थोडा जास्तच घ्या.

गिरगावातला

दुकानांबद्दल मी सांगतो. ऑपेरा हाऊस ते लॅमिंग्टन रोड हा पट्टा गाड्यांच्या सुट्या भागांसाठी जुना आहे, तिथे चेतकचे रबर, पट्ट्या, बीडिंग यांची चौकशी करा. रंगवायला स्कूटर उघडणारच आहात तर ते आधी जमवून ठेवा. पॉलिश पेपर, गन, होज पाइप, वॉटर ट्रॅप (कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी अडवणारा) असं हार्डवेअर नागदेवी स्ट्रीटला. रंगासाठी तुम्हाला पूर्व उपनगरातून कुर्ला-कालिन्याचा सीएसटी रोड जवळ पडेल. आजूबाजूला गॅरेजं असल्यामुळे दुकानात माल पडून राहत नाही, आणि हार्डनरच्या बाबतीत तेच महत्त्वाचं.

रसायनशाळा

मी रसायन उद्योगात सुरक्षेचं काम करते. वरच्या सगळ्या चर्चेत एक विषय राहिलाय आणि तो सगळ्यात गंभीर आहे.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनमधून मारताना त्याचे बारीक तुषार श्वासात जातात आणि त्यातून दमा जडू शकतो. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी किंचित संपर्कानेही झटका येतो, आणि ते मागे फिरत नाही. वाईट म्हणजे धोक्याच्या पातळीलाही त्याचा वास येत नाही, त्यामुळे "वास येत नाही म्हणजे मास्क काम करतोय" हा हिशेब इथे लागू होत नाही. कापडी मास्क, रुमाल, धुळीचा एन-९५ यांतलं काहीही चालत नाही. गॅरेजच्या बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क वापरतात, आणि अंगभर सूट, कारण त्वचेतूनही संवेदना तयार होते.

मुलुंडकर, घरी म्हणजे सोसायटीच्या स्टिल्टखालीच (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) मारणार ना? तिथे वॉचमन बसतो, मुलं खेळतात, लिफ्टचा दरवाजा तिथेच उघडतो. तुम्ही स्वतः कितीही चांगला मास्क घातला तरी त्यांच्या तोंडावर काही नाही. हार्डनरचा माल सोसायटीत गनने मारू नका. ही माझी कळकळीची विनंती आहे. टू-केचा स्प्रे कॅन मिळतो, ज्याच्या बुडाचं बटण दाबलं की आतला हार्डनर मिसळतो. त्यालाही हेच लागू आहे, तो लहान आहे म्हणून निरुपद्रवी नाही.

एनसी आणि साध्या बेसकोटला आयसोसायनेट नसतं, पण त्यांच्या वाफा पटकन पेट घेतात. जिन्याखालचा मीटर बॉक्स, पाण्याच्या पंपाचा स्टार्टर, कोणाची बिडी, कुठूनही ठिणगी मिळते. मारायच्या आधी चेतकची टाकी रिकामी करून उतरवा. सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला अर्ध्या चेहऱ्याचा मास्क, वर धुळीचा फिल्टर, नायट्राइल हातमोजे आणि चष्मा ही खरेदी रंगाच्या आधी करा. उरलेलं थिनर मोरीत किंवा गटारात ओतू नका. झाकण घट्ट लावून ठेवा, गाळ खाली बसला की वरचं थिनर गन धुवायला परत वापरता येतं.

मुलुंडकर

ताई, हे माहीतच नव्हतं. मग पीयू हवा असेल तर घरी करायचंच नाही का?

कुर्ल्याचं_गॅरेज

ताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. आमच्याच धंद्यात तरुण पोरं नाकाला रुमाल बांधून पीयू मारतात. त्यांना समजावून थकायला होतं.

मार्ग आहे, काम वाटून घ्या. डेंटिंग-पेंटिंगच्या बिलात मोठा वाटा मजुरीचा असतो. रंग काढणं, गंज साफ करणं, पुट्टी, घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं. हे तुम्ही घरी करा. मग चेतकची डिकी, इंजिनचं कव्हर, पुढचा मडगार्ड, हँडलचं कव्हर हे सुटे करून आणि मुख्य बॉडी टेम्पोत टाकून बूथ असलेल्या गॅरेजला द्या. ते फक्त रंग आणि क्लिअर मारतील. वॅगनआरही तशीच, प्रायमर घासून तयार झाली की घेऊन जा. तुमचा रंग आणि तुमचा क्लिअर न्या, पण आधी विचारा, काही गॅरेजं बाहेरचा माल घेत नाहीत.

बेसकोट घरी आणि क्लिअर गॅरेजात असं मात्र करू नका. बेसकोटवर क्लिअर ठरलेल्या वेळात जावा लागतो, सहसा त्याच दिवशी. उशीर झाला तर घासून बेस परत मारावा लागतो, आणि वाटेत धूळ बसते ती वेगळीच.

निवृत्त_रंगारी

मुलांनो, मी एनसीच्या काळातला माणूस. काळ्या-पिवळ्या फियाट आम्ही ड्युकोनेच, म्हणजे एनसीनेच, रंगवायचो. त्या पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या, पण तेव्हा शिकलेलं घासकाम आजही तेच आहे. खरेदीला जाताना ध्यानात ठेवायच्या गोष्टी सांगतो.

पत्रा उघडा केला की त्याच दिवशी प्रायमर मारा. मुंबईच्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस हात फिरलेला दिसतो. तो पुसून वरून रंग मारला तरी पावसाळ्यात खालून फुगतो. म्हणून सगळी स्कूटर एकदम सोलू नका. एक भाग सोला, साफ करा, इपॉक्सी प्रायमर द्या, मग पुढचा. इपॉक्सी प्रायमरलाही हार्डनर असतो पण तो वेगळ्या जातीचा, सहसा आयसोसायनेटचा नाही, आणि पायदानाखाली ब्रशनेही लावता येतो. हातमोजे मात्र हवेतच. पायदानाखालची बाजू ब्रशने दोनदा भरून घ्या, तिथे चकाकीची गरज नाही, टिकाऊपणाची आहे.

पुट्टी घ्याल ती हार्डनरवाली पॉलिस्टर पुट्टी. हार्डनर वजनाने शंभराला दोन-तीन भाग. लवकर वाळावी म्हणून जास्त टाकला तर त्याचा डाग पुढे रंगातून वर येतो. आणि ही पुट्टी पाण्याने घासू नका. ती पाणी पिते. वरून प्रायमर मारला की पाणी आत कोंडतं आणि सहा महिन्यांत फोड येतात. आपल्याकडे जो तो पॉलिश पेपर बादलीत बुडवून बसतो, पण पाणी प्रायमर झाल्यावर. पुट्टी कोरडीच, ८० नंबरने आकार आणा, मग १८० आणि ३२०. घासताना हाताखाली लाकडाचा सपाट गुटका धरा, बोटांनी घासलं तर बोटांच्या खाचा रंग चमकल्यावर दिसतात. प्रायमरवर काळ्या स्प्रेचा हलका फवारा द्या आणि ४०० ते ६०० नंबरने पाण्याने घासा. खोलगट जागी काळं राहतं, तिथे अजून काम आहे. मेटॅलिकच्या खाली ८००पर्यंत जा, नाहीतर घासल्याच्या रेघा सिल्व्हरमधून दिसतात.

एनसी मारायचाच असेल तर दमट दिवशी मारू नका. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका होतो. रिटार्डर (सावकाश उडणारं थिनर) घालून थोडं सावरता येतं, पण डिसेंबर ते फेब्रुवारीतला कोरडा दिवस मिळत असेल तर त्यासारखं काही नाही.

डोंबिवली_फास्ट

इथे एक गोष्ट कोणी लिहिली नाही. थिनर आणि रंग लोकलने आणू नका. ज्वालाग्राही वस्तू गाडीत नेणं हा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १६४खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी गर्दीच्या डब्यात थिनरचा डबा फुटला तर काय होईल याचा विचार करा. रिक्षा किंवा टेम्पोने आणा.

दुसरं, चेतकचा रंग तोच ठेवणार असाल तर प्रश्न नाही. बदलणार असाल तर आरसीवर रंगाची नोंद असते, ती आरटीओकडून बदलून घ्यावी लागते. ऑलिव्ह ग्रीन मात्र अजिबात नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१प्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे.

स्प्रेकॅनवाली

वॅगनआरचा ओरखडा नखाला लागत नसेल तर रंग घ्यायचीच गरज नाही, आधी रबिंग कंपाउंड लावून बघा. खांबाचाच रंग वर बसलेला असेल तर बराचसा निघून जातो.

खरंच रंग लागणार असेल तर बंपर प्लास्टिकचा आहे हे विसरू नका. उघड्या प्लास्टिकवर साधा प्रायमर धरत नाही, प्लास्टिक प्रायमर आधी लागतो. पूर्वी सिलिकॉनचं पॉलिश लावलं असेल तर घासण्याच्या आधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा. आधी घासलं तर पेपरच्या रेघांत सिलिकॉन मुरतं आणि नव्या रंगात गोल खळगे पडतात. एका कपड्याने लावायचं, दुसऱ्या कोरड्याने लगेच टिपायचं.

मास्किंग टेप गाडीच्या रंगकामाची घ्या, स्टेशनरीवाली उन्हात चिकटून राहते आणि तिचा गोंद निघत नाही.

मुलुंडकर

सगळ्यांचं वाचून ठरवलं. घरी पुट्टी आणि इपॉक्सी प्रायमरपर्यंत, पुढचं बूथमध्ये. चेतकचा रंग मूळचाच ठेवतोय. मास्क, कार्ट्रिज, हातमोजे आणि पेपर घेऊन आलो. डिकीला सुरुवातही केली. सोलली, गंज काढला, त्याच दिवशी प्रायमर दिला, मग पुट्टी आणि परत प्रायमर. पण आता प्रायमरवर टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोकं दिसतायत, विशेषतः जिथे पुट्टी जाड आहे तिथे. जाड प्रायमर मारून भरून येतील का?

निवृत्त_रंगारी

नाही येणार. वरून थर बसतो, आत हवा राहते आणि गॅरेजात बूथ तापवला की पुन्हा भोक पडतं. पुट्टी कालवताना हवा शिरलीय. फेटल्यासारखी फिरवू नका, पत्र्याच्या पट्टीने दाबत पसरवत कालवा.

आता ती जागा ३२० नंबरने कोरडी घासून भोकं उघडी करा, हवेचा झोत मारून धूळ काढा. मग पॉलिस्टरची बारीक पुट्टी मिळते, ती पट्टीने अगदी दाबून, कागदाएवढा थर द्या. एनसीची स्टॉपर पुट्टी घेऊ नका. ती सोपी पडते, पण वर पीयू येणार आहे आणि त्याच्या थिनरने ती बसते. वाळली की घासा, तेवढ्याच भागाला प्रायमर द्या आणि काळा फवारा मारून परत तपासा.

कुर्ल्याचं_गॅरेज

काकांनी सांगितलंय तसंच करा. आणि डिकी बूथला द्यायच्या आधी प्रायमरचं नाव आणि कधी मारला ते कागदावर लिहून आतून चिकटवा. रंग मारणारा आधी तेच विचारेल.